खसखशीचे सहा दाणे

नॅनटकेट बेट,
२३ जून १९८३

ती. विनी मावशीस,
एलिसचा सा. न. वि. वि.

पत्र लिहितोय, कारण तू घरातला फोन काढून टाकलास. आयकर खात्याचा साहेब बनून मी तुला फक्त तीनदा फोन केला होता, आणि तिसऱ्यांदा तर तू मला ओळखलंही होतंस. तेवढ्यासाठी भिंतीतली तार उपटायची म्हणजे जरा अतीच झालं. असो. माझं अक्षर सुधारतंय, एवढाच त्यातला फायदा.

इकडे उन्हाळी पाहुणे आलेत. सगळ्यांच्या त्याच विटकरी विजारी आणि तेच कौतुक, की तुम्ही किती भाग्यवान, वर्षभर इथे राहता. फेब्रुवारीत या म्हणावं. मामाने त्यांची अकरा घरं उघडून दिली. खिडक्यांच्या फळ्या काढल्या, नळ जोडले, अंगणातली झुडपं छाटली, गाद्यांमधून मेलेले उंदीर काढले. या पाहुण्यांना उंदीर मेलेलाही चालत नाही.

मला मात्र जिवंत उंदरांमुळे काम मिळालंय. विद्यापीठातले शास्त्रज्ञ पुन्हा आलेत, आपल्या 'बेटाच्या तापा'चा अभ्यास करायला. मी दिवसभर एक पांढरं फडकं झुडपांवरून ओढत हिंडतो. त्याला गोचीड चिकटतात, ते मी बाटलीत भरतो. शाळेत इतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं. ते सांगतात की तापाचा किडा उंदराच्या रक्तात असतो. गोचीड आधी उंदराला चावतो, मग माणसाला. आणि गोचिडांची लग्नं लागतात हरणांच्या अंगावर. हरणाला स्वतःला काही होत नाही. ताप वऱ्हाडाला, कार्यालय ठणठणीत.

मामा अर्थातच विजारीचे पाय मोज्यात खोचत नाही. म्हणतो, जपान्यांच्या जंगलातून जिवंत आलेला माणूस खसखशीएवढ्या किड्याला घाबरत नसतो. वर शेडमागे रोज हरणांना सफरचंदं घालतो, म्हणजे डिसेंबरात शिकारीच्या वेळी त्यांना पत्ता शोधत बसावं लागू नये. म्हणून मी त्याची जरा गंमत केली. रविवारी तो अर्ध्या चड्डीत आरामखुर्चीत घोरत होता, तेव्हा त्याच्या पायांना मुरंबा लावून पावावरच्या काळ्या खसखशीचे चाळीस दाणे चिकटवले. जाग आल्यावर जंगलाचा वीर जो धावत सुटला तो थेट बंदरात, चपलांसकट. तीन दिवस बोलला नाही माझ्याशी. आता पायावर काही काळं दिसलं की म्हणतो, तुझी खसखस. काल गुडघ्याच्या मागे एक ठिपका दिसला, तो मी दाखवला, तर म्हणाला, तो पावावर लावून खा. मीही हसलो.

चार जुलैची मिरवणूक आलीच. मामा आणि केझाया आजी नेहमीसारखे उघड्या मोटारीत बसणार, आणि नंतर मामा तिच्या मुलाची गोष्ट सांगणार, की जंगलात रूबेनने त्याच्या मांडीवर प्राण कसा सोडला. तुझ्या लक्षात आलंय का, दर वर्षी रूबेन थोडा जास्त जगतो? मागच्या वर्षी तीन दिवस काढले त्याने. मावशी, खरं सांग, मामाने जंगल कधी पाहिलं तरी होतं का?

लोभ आहे तेवढा राहू दे. फोन परत लावलास तर वाढवायला हरकत नाही.
तुझा,
एलिस

न्यू बेडफर्ड,
२८ जून १९८३

चि. एलिसला,
विनी मावशीचे अ. आ.

पत्र मिळालं. शुद्धलेखन पाहून तुझ्या सगळ्या मास्तरांना मी मनातल्या मनात माफ केलं. त्यांनी हात टेकले तेच बरोबर होतं.

फोन लागणार नाही. मासे कापण्याच्या कारखान्यात आठ तास सुरी चालवून घरी आल्यावर मला शांतता लागते, आयकर खातं लागत नाही.

ओबेडला सांग, मोजे वर चढव. तो ऐकणार नाहीच. लहानपणी आई सांगायची तेव्हाही ऐकत नव्हता. तुझ्या आईने तुला त्याच्या भरवशावर टाकलं, की त्याला तुझ्या, हे मला अजून कळलेलं नाही.

युद्धाचं मला विचारू नकोस. हे तू सातव्यांदा विचारतोयस. केझायाबाईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या घरी कसलीही गंमत करू नकोस. त्यांचा एकच मुलगा होता.

जेवत जा, आणि माणसासारखा वाग. दोन्हींपैकी एक तरी.
तुझी,
विनी मावशी

नॅनटकेट,
९ जुलै १९८३

ती. विनी मावशीस,
सा. न. वि. वि.

मामा आजारी आहे. मिरवणुकीत मोटारीत बसल्या बसल्या कुडकुडत होता, डोक्यावर ऊन असताना. लोकांना वाटलं, देशप्रेमाने थरथरतोय. टाळ्या वाजल्या. उतरताना कोसळला.

तेव्हापासून तापतोय. घामाने चादरी पिळाव्या लागतात, आणि लघवी कोकाकोलासारखी. आपले जुने डॉक्टर सुट्टीवर आहेत. त्यांच्या जागी उन्हाळ्यापुरते एक तरुण साहेब आलेत, कॅन्ससचे. समुद्र पहिल्यांदाच बघतायत. माणूस कामसू आहे. मामाचं रक्त काचेवर घेऊन त्यांनी स्वतः पाहिलं, तर तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या दिसल्या. म्हणाले, दोनच आजारांत असं दिसतं, एक तुमच्या बेटाचा ताप आणि दुसरा मलेरिया. अंगठी सारखीच, सासर वेगळं. मग त्यांनी मामाला विचारलं, कधी गरम प्रदेशात राहिला होतात का?

आता त्या वेळी खाटेभोवती कोण होतं बघ. माजी सैनिकांच्या क्लबातले चौघे, त्यांचे अध्यक्ष आल्डनकाका, आणि उशाशी सूपाचा वाडगा घेऊन केझाया आजी. मामाने एकदा आजीकडे पाहिलं आणि म्हणाला, हो, पॅसिफिकच्या जंगलात होतो, तिथे हिवतापही झाला होता. डॉक्टर खूश. मलेरियाची एक जात म्हणे चाळीस वर्षंही अंगात दबून राहते. पोटावरचा लांब व्रण पाहून विचारलं, हे काय? मामा म्हणाला, संगीन लागली, आतड्याचा तुकडा काढला. गोळ्या सुरू झाल्या. क्लबवाले तर हरखूनच गेलेत. आल्डनकाका म्हणाले, हा जपानचा शेवटचा हल्ला, आणि तोही आपण परतवून लावू.

पण गोळ्यांनी उतार नाही, मावशी. मला तो व्रणही पटत नाही. खरं काय ते कळव.

तुझा,
एलिस

न्यू बेडफर्ड,
१३ जुलै १९८३

चि. एलिसला,
अ. आ.

या खेपेला मेहनत घेतलीस, मानलं. कोकाकोलाची उपमा छान. अंगठी आणि सासर वाचून तर शेजारणीलाही वाचून दाखवलं.

पण बाळा, मी काही काल जन्मलेली नाही. बिशपसाहेबांचं पत्र म्हणून जे आलं होतं ते कोणी लिहिलं होतं? ओबेड एका उन्हाळी विधवेबरोबर पळून गेला, अशी तार कोणी केली होती? त्या तारेपायी मी रजा टाकून बोटीवर चढले होते, आणि धक्क्यावर ओबेड शिंपले विकत होता.

युद्धाचं काही माझ्याकडून काढायचं असेल तर निदान नीट काहीतरी शोध. मलेरिया म्हणे. ओबेडला आणि मलेरिया! हसता हसता हातातली बशी फुटली. तिचं काय करायचं ते तू ठरव.

अशीच पत्रं येत राहोत. करमणूक होते.
तुझी,
विनी मावशी

नॅनटकेट,
१६ जुलै १९८३

ती. मावशीस,

ही गंमत नाही.

तुझ्या कारखान्यात दोनदा फोन केला. मुकादम म्हणाला, कुणी पोरगा आपण अमुक आहोत म्हणाला की फोन ठेवायचा, अशी तू ताकीद दिली आहेस. बरोबरच आहे तुझं. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं.

म्हणून सोबत डबीत मामाची कवळी पाठवतोय. वरची आणि खालची दोन्ही. तू त्याला ओळखतेस. तो शुद्धीवर, धडधाकट असता तर त्याने मला कवळीला हात लावू दिला असता का? चार दिवस त्याने काही चावलेलं नाही. डोळे पिवळे झालेत. काल मला आईच्या नावाने हाक मारली.

आणखी एक. तो गुडघ्यामागचा ठिपका मी पाहिला होता. मी गोचीड गोळा करायची नोकरी करतो, मावशी, रोज बाटलीभर बघतो. हात लावला असता तर कळलं असतं. पण तो खसखस म्हणाला आणि मीही हसलो, कारण विनोद माझाच होता.

तू लिहिलंस, ओबेडला आणि मलेरिया. तो का होऊ शकत नाही, ते मला लिही. लगेच लिही.

एलिस

न्यू बेडफर्ड,
१८ जुलै १९८३
(बोटीवरच्या तिकीटवाल्याच्या हाती)

चि. एलिसला,

डबी उघडली. दात ओबेडचेच आहेत.

ऐक. तुझा मामा कुठल्याही जंगलात गेलेला नाही. त्याची नजर अधू, म्हणून सैन्याने त्याला न्यू जर्सीच्या गोदामात ठेवलं. पूर्ण युद्ध त्याने बुटांच्या जोड्या लावण्यात काढलं, डाव्याला उजवा. परत आला तेव्हा धक्क्यावर केझायाबाई उभ्या होत्या. त्या येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारायच्या, माझा रूबेन दिसला का. बाकीचे मान खाली घालून निघून गेले. ओबेड म्हणाला, हो, मी होतो त्याच्याजवळ. एवढं एकच वाक्य तो बोलला. त्यामागचं जंगल नंतर उगवलं.

व्रणाचं सांगते. शेचाळीस साली तो इकडे गोदीत कामाला होता, तेव्हा परांचीवरून पडला. आत प्लीहा फुटली, ती काढून टाकली. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, या माणसाला पुढे कसलाही ताप आला तर हलक्यात घेऊ नका, रक्तातला कचरा गाळायला याच्याकडे आता काही नाही. बेटावर परतल्यावर व्रणाची संगीन झाली.

हे कुणाला तोंडाने सांगणार नाही, अशी मी आईच्या बायबलवर शपथ घेतली आहे. तोंडाने. हाताचं कुणी काही बोललं नव्हतं.

आत्ता उठ आणि डॉक्टरांकडे जा. केझायाबाईंच्या समोर नको, एवढं सांभाळ. आणि मी हसले ते विसरता आलं तर विसर. मला नाही येणार.

मावशी

नॅनटकेट,
२० जुलै १९८३

ती. विनी मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन धावत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माझं तोंड पाहिलं आणि दार अर्धंच उघडलं. त्याचं असं आहे, की जूनमध्ये मी त्यांचा शिकवायचा सांगाडा बाहेर बाकावर बसवून त्याच्या हातात मासिक दिलं होतं. एक म्हातारी त्याच्याशी वीस मिनिटं गुडघेदुखीवर बोलली. त्यामुळे मी पत्र दाखवलं तरी ते म्हणाले, अक्षर कुणाचंही असू शकतं, असल्या पत्रांची तुझी ख्याती मला क्लबात कळली आहे, रोगी स्वतः सांगेल तर मानीन.

मग दोघं घरी आलो. खोलीत तेच सगळे. मी आजीला म्हटलं, जरा बाहेर बसतेस का? ती म्हणाली, सूप निवेल. मी दोनदा सांगून पाहिलं. मामाच्या कानाशी वाकून म्हटलं, डॉक्टरांना बुटांचं सांग. त्याने डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं. जीव जाईल पण बोलणार नाही, हे मला दिसत होतं. तेव्हा मी तुझं ऐकलं नाही, मावशी. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, की मामा जंगलात नव्हता, न्यू जर्सीत बूट लावत होता, आणि त्याच्या पोटात प्लीहा नाही.

आल्डनकाका मला कानाला धरून बाहेर काढायला उठले. डॉक्टर म्हणाले, या मुलाला आवरा. मामा भिंतीकडे तोंड करून रडत होता, कवळी नसल्यामुळे आवाजही धड निघत नव्हता.

आजीने चमचा वाडग्यात ठेवला. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

“ओबेड, रूबेन जहाजावर स्वयंपाकी होता. ते बुडालं तिथून जंगल दोनशे मैल लांब होतं. सरकारचं पत्र माझ्या ट्रंकेत आहे. पण पहिल्या वर्षी तुझ्या गोष्टीत तो दुपारपर्यंत जगला, आणि मागच्या वर्षी तीन दिवस. मला चौथा दिवस ऐकायचाय. त्यासाठी तू जागेवर पाहिजेस. आता साहेबांना खरं सांग.”

मामा भिंतीलाच म्हणाला, “बूट. साडेतीन वर्षं.” आणि स्वतःच सदरा वर करून डॉक्टरांना व्रण दाखवला.

आल्डनकाका खाली बसले. म्हणाले, मला पॅसिफिकमध्ये दोन्ही डावे बूट मिळाले होते, तेव्हापासून मी त्या माणसाला शोधतोय.

डॉक्टर एकदम वेगळेच झाले. बेटाचा ताप, प्लीहा नसलेला माणूस, म्हणजे रक्तात किडे मोकाट. त्यांनी तिथूनच बॉस्टनला फोन लावला. अंगातलं रक्त थोडं थोडं काढून दुसऱ्यांचं भरावं लागेल म्हणाले. क्लबच्या चौघांनी लगेच बाह्या वर केल्या. तर तिकडून निरोप आला, बेटावरच्या कुणाचं रक्त नको, कोणाच्या अंगात काय फिरतंय सांगता येत नाही. युद्धात यांचं रक्त चालत होतं. आता उंदराच्या पंगतीला बसवलं.

मामाला विमानाने नेलंय. मला बरोबर घेतलं नाही. तू जा. तुझ्या अंगात बेट नाही आता, तुझं रक्त चालेल.

निघताना डॉक्टरांनी माझ्याशी हात मिळवला. सांगाड्याचं काही बोलले नाहीत.

तुझा,
एलिस

बॉस्टन,
३१ जुलै १९८३

चि. एलिसला,
अ. आ.

ओबेड वाचला. आधी हे लिहिते, बाकीचं सावकाश.

पहिले तीन दिवस डॉक्टर मला बघून बाजूच्या वाटेने जायचे, त्यावरून काय ते मी समजत होते. रक्त दोनदा बदललं. जोडीला क्विनाइन आणि आणखी एक औषध. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि शुद्धीवर येताच त्याने पहिली गोष्ट विचारली, माझे दात कुठे आहेत. मी पिशवीतून काढून दिले. पोस्टाने आले म्हटल्यावर तुझ्याबद्दल जे बोलला, ते नर्सने कागदावर घ्यायला नकार दिला.

माझंही रक्त घेतलं. ते थेट त्याला चढलं की नाही कोण जाणे, पण तो म्हणतो, तेव्हापासून उगाच भांडी घासावीशी वाटतायत.

तुझं खसखशीचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी चूक नाही, असं काही मी म्हणणार नाही. आहे. ज्याने मोजे वर केले नाहीत आणि चाळीस वर्षं संगीन सांगितली त्याचीही आहे. आणि तुझं पत्र वाचून बशी फोडणारीचीही आहे. माझ्या हसण्यात पाच दिवस गेले. तेव्हा ही चूक तिघं मिळून खाऊ, एकट्याने घास घेऊ नकोस.

फक्त पुढचं काम तुझ्या एकट्याचं. डॉक्टर म्हणाले, त्याला पुन्हा गोचीड चावता कामा नये. त्याची नजर अधू, गुडघ्याची मागची बाजू त्याला दिसायची नाही. रोज संध्याकाळी जेवणाआधी त्याचे पाय तू बघायचेस. दोन्ही. तो शिव्या देईल. तरी बघायचेस.

फोन पुन्हा लावून घेतला आहे. नंबर आल्डनला दिलाय, तुला नाही.

माया आहे, ती काही पत्रात लिहायची वस्तू नाही.
तुझी,
विनी मावशी

नॅनटकेट,
२८ ऑगस्ट १९८३

ती. विनी मावशीस,
एलिसचा सा. न. वि. वि.

मामा आता काठी न घेता शेडपर्यंत जातो. हरणांची सफरचंदं बंद. हरणं रोज पाचला येऊन उभी राहतात आणि आमच्याकडे अशी बघतात, जणू आम्हीच त्यांची शिकार करायची विसरलो.

पाचलाच आमची तपासणी असते. मामा ओसरीवर विजार गुडघ्याच्या वर दुमडून समुद्राकडे तोंड करून उभा राहतो, झेंड्याला सलामी दिल्यासारखा. मी शास्त्रज्ञांकडून आणलेलं भिंग घेऊन मागे बसतो. रस्त्याने जाणारे उन्हाळी पाहुणे फोटो काढतात. त्यांना वाटतं, ही इथली काहीतरी जुनी प्रथा आहे.

केझाया आजी खुर्ची आणून समोर बसते, आणि चौथा दिवस चालू असतो. चौथ्या दिवशी रूबेनने जंगलातल्या सगळ्यांना जेवायला घातलं. जहाजावरचा स्वयंपाकीच तो, मामाने आता ते गोष्टीत घेतलंय. खोटं आहे हे दोघांना ठाऊक झाल्यापासून गोष्ट फार चांगली झालीये. मधे मधे आजीच सुधारते, त्याला कांदा आवडत नव्हता म्हणून. आल्डनकाकाही येतात, दोन्ही डावे बूट घालून. अजून जपून ठेवले होते.

परवाचं सांगतो. भिंग लावलं तर डाव्या गुडघ्यामागे काळे ठिपके, ओळीने. आवाज न करता चिमट्याने एकेक काढला, बाटलीत टाकला, सायकलवरून सुसाट शास्त्रज्ञांकडे गेलो. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि विचारलं, पाव कुठे आहे? खसखस होती. आजीच्या मुरंब्याने चिकटवलेली. मी परत आलो तेव्हा मामा आणि आजी ओसरीवर इतके हसत होते, की मामाने कवळी काढून हातात धरली होती. म्हणाला, बघत होतो, खरंच बघतोस की नुसता मागे बसतोस. सहा चिकटवले होते, सहाही सापडले का?

मी म्हटलं, सहाही सापडले.

तुझा,
एलिस

ता. क. बाटलीत सात होते. सातवा चालत होता. अजून चावलेला नव्हता, असं शास्त्रज्ञ म्हणाले. मामाला हे सांगितलेलं नाही. तो स्वतःच्या विनोदावर खूश आहे, तर असू दे. उद्याही पाचला बघणार आहे.